नदीपलीकडचें आडनांव

परदेशीं मुलाच्या घरीं जाऊन राहिलेल्या वडील माणसांपुढें दिवस कसा घालवावा हा मोठाच प्रश्न असतो. पुण्यांत असतां सकाळचें वर्तमानपत्र, मंडईची फेरी, बँकेंतील पासबुक आणि संध्याकाळीं बागेच्या बांकावरील मित्रमंडळी एवढ्यांत दिवस केव्हां सरतो तें कळत नाहीं. तेथें वर्तमानपत्र वाचतां येत नाहीं, आणि भाजीचा भाव करावा तर भाव छापलेले! २०२४ सालच्या उन्हाळ्यांत मी तीन महिने जर्मनीच्या अगदीं पूर्व टोंकास, ग्योर्लिट्स या गांवीं, मुलाकडे राहिलों. त्या वेळीं जिना चढतां उतरतां दारांवरच्या पाट्या वाचणें हा माझा एक उद्योगच होऊन बसला. चार मजल्यांची जुनी इमारत, आठ बिऱ्हाडें. आणि आठांपैकीं तीन दारांवर थोड्याशा फरकानें एकच आडनांव. तळमजल्यावर शुल्ट्स, त्याच्या वर शुल्ट्से, आणि आमच्या अगदीं समोर शोल्ट्स. देशाच्या चॅन्सेलरांचें आडनांवही त्या वेळीं शोल्ट्सच होतें. मला वाटलें, ही सारी भाऊबंदकी असावी. मुलगा हंसून म्हणाला, "बाबा, आपल्या सोसायटींत कुलकर्णी किती आहेत? ते सगळे आपले भाऊबंद का?"

हा टोला वर्मीं लागला. कारण आमचें आडनांव कुलकर्णीच.

समोरच्या शोल्ट्सबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. पाठ ताठ, नजर स्वच्छ, आणि बोलण्याची हौस दांडगी. त्यांच्या व माझ्यामध्यें दुभाषी म्हणजे माझी बारा वर्षांची नात. ती जर्मन शाळेंत शिकते आणि घरीं मराठी बोलते. त्यामुळें बाईंचीं वाक्यें माझ्यापर्यंत येतांना थोडीं पोरकट होऊन येत, पण अर्थ शाबूत असे. एके दिवशीं बाईंनीं विचारलें, तुमच्या आडनांवाचा अर्थ काय? मीं सांगितलें कीं, आमच्याकडे गांवोगांव पाटील आणि कुलकर्णी असे दोन वतनदार असत; पाटलानें गांवचा कारभार पाहावा, सारा वसूल करावा, आणि कुलकर्ण्यानें त्याचा हिशेब लिहावा. हें ऐकतांच बाईंनीं टाळी वाजविली. नातीनें भाषांतर केलें, "आजोबा, त्या म्हणतात, त्या पाटील आहेत. म्हणजे तुम्ही त्यांचे कारकून!"

शोल्ट्स म्हणजे पाटील हें कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. मुलाच्या मागें लागून मीं पुस्तकें आणविलीं, कांहीं त्याच्याकडून वाचवून घेतलीं, आणि जें हातीं लागलें तें वाचकांपुढें मांडण्यासारखें आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

शुल्ट्स, शुल्ट्से, शुल्टे, शोल्ट्स या सर्वांच्या मुळाशीं शुल्टहाइस हा एकच शब्द आहे. 'शुल्ड' म्हणजे देणें, मग तें पैशाचें असो वा कर्तव्याचें. आणि 'हाइसेन' म्हणजे आज्ञा करणें. ज्याचें जें देणें असेल तें त्यानें चुकतें करावें अशी आज्ञा करणारा तो शुल्टहाइस. शब्द फार जुना. इटलींत उतरून राज्य स्थापन केलेल्या लँगोबार्ड लोकांच्या रोथारी राजानें ६४३ सालीं जो कायदा लिहवून घेतला, त्यांतही हा अधिकारी आहे. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या पुलकेशीचा अंत झाला त्या सुमारास हा शब्द कायद्यांत बसलेला होता. प्रारंभीं हा राजाचा किंवा सरदाराचा माणूस. लोकांस न्यायसभेस बोलवावें, दंड वसूल करावा, हें त्याचें काम.

पण या शब्दाचा आडनांव म्हणून जो अफाट प्रसार झाला, तो राजाच्या अधिकाऱ्यामुळें नव्हे, खेड्याच्या मुख्यामुळें. बाराव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत एल्ब नदीच्या पूर्वेस पश्चिमेकडील जर्मन शेतकऱ्यांचे तांडेच्या तांडे जाऊन वसले. ते सर्वत्र तरवारीच्या जोरावर गेले असें नाहीं. सायलेशियाचे ड्यूक पोलिश वंशाचे होते. त्यांतील दाढीवाला हेन्री (कारकीर्द १२०१ ते १२३८) यानें रान तोडून गांवें वसविण्यासाठीं या परक्या शेतकऱ्यांस मुद्दाम बोलाविलें. १२४१ सालीं मंगोलांची धाड येऊन त्याचा पुत्र लेग्नित्सच्या लढाईंत पडला, त्यानंतर तर वसाहतीस अधिकच जोर आला.

गांव वसविण्याची रीत मोठी व्यवहारी होती. जमिनीचा धनी एखाद्या हिंमतवान मध्यस्थाशीं करार करी. त्या मध्यस्थानें कुणबी जमवावे, रान वांटून द्यावें, विहीर, चर्च, रस्ता यांच्या जागा नेमून द्याव्या. पहिलीं कांहीं वर्षें सारा माफ. आणि गांव उभें राहिलें म्हणजे तोच त्या गांवचा शुल्ट्से व्हावा. सॅक्सन लोकांचा जो प्रसिद्ध धर्मशास्त्रवजा ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत आयके फॉन रेपगोव्ह यानें लिहिला, त्याची एक सचित्र हस्तलिखित प्रत हायडेलबेर्गला आहे. तींत हा प्रसंग रेखाटलेला आहे. धनी सनद देत आहे, डोक्यावर टोपी घातलेला पुढारी ती घेत आहे, आणि बाजूला लोक झाडें तोडून घर उभारीत आहेत. त्या चित्राची छापील प्रत मी बराच वेळ पाहत बसलों. सनद घेणाराचा हात मला ओळखीचा वाटला.

कारण पुढें जें मिळे तें थेट आपल्या वतनासारखें. करमुक्त जमीन; गांवच्या न्यायसभेचें अध्यक्षपद आणि दंडाचा तिसरा हिस्सा; पुष्कळ ठिकाणीं खानावळ, गिरणी किंवा खाटकाचें दुकान चालविण्याचा हक्क; आणि हें सर्व वंशपरंपरा. सायलेशियांत या वतनवाड्यास 'शोल्टिसाय' म्हणत. तें विकतां येई, गहाण ठेवतां येई. कित्येक जमीनदारांनीं तीं वतनें विकत घेऊन गिळून टाकलीं, तेंही आपल्याकडच्यासारखेंच. प्रशियाच्या पूर्वेकडील प्रांतांत १८७२ च्या कायद्यानें जमीन आणि गांवचें मुख्यपद यांची ही गांठ तोडली, आणि मुख्य निवडून देण्याची पद्धत आली. आमच्या कुलकर्ण्यांचें वतन कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ सालीं रद्द केलें व मुंबई इलाख्यांत तें १९५० च्या कायद्यानें गेलें. वतन गेलें तरी आडनांव राहिलें, हें दोन्हीकडे सारखें. तें जाण्यास पुरेशीं कारणें होतीं हेंही मान्य केलें पाहिजे. ज्योतिरावांनीं कुलकर्ण्याच्या लेखणीविषयीं 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें जें लिहून ठेविलें आहे तें वाचतांना मला अजूनही मान खालीं घालावी लागते. पण खोटें आहे असें म्हणवत नाहीं.

आतां आडनांवाकडे वळूं. जर्मन मुलखांत आडनांवें स्थिर झालीं तीं आधीं पश्चिम व दक्षिण भागांतील शहरांत, बाराव्या शतकापासून; मग हळूहळू उत्तरेस, पूर्वेस आणि खेड्यांत. फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर तर बाप तसा बेटा या न्यायानें नांवें बदलत असत, तीं नेपोलियनच्या हुकुमानें १८११ सालीं कायम झालीं. एका गांवांत लोहार, दळणारे, शिंपी अनेक असूं शकत, शुल्ट्से एकच. तरी हें नांव आज जर्मनीच्या पहिल्या दहा आडनांवांत आहे. याचें कारण उघड आहे. गांवें फार होतीं, आणि प्रत्येक गांवास एक शुल्ट्से होताच.

शब्द एक, पण मुलूख बदलला कीं त्याचें रूप बदललें. ब्रांडेनबुर्ग, बर्लिन, मेक्लेनबुर्ग या बाजूस तो शुल्ट्स झाला. दक्षिणेकडे व स्वित्झर्लंडांत मूळ रूपाजवळचीं शुल्टहाइस, शुल्टहेस अशीं नांवें टिकलीं. मोझेल नदीच्या कांठीं व लक्झेंबुर्गांत शोल्टेस. पश्चिमेस वेस्टफालियांत शुल्टे. पण तेथला शुल्टे म्हणजे गांवचा पाटील नव्हे, तर धन्याच्या मोठ्या शेतवाड्याचा कारभारी. या वेस्टफालियांतील एक चाल ऐकून आमच्या सौभाग्यवतीस फार गंमत वाटली. शेतवाड्याची वारस मुलगी असेल तर जांवयानें आपलें आडनांव टाकून वाड्याचें आडनांव घ्यावें! घरजांवयाचा एवढा पक्का बंदोबस्त आपल्या धर्मशास्त्रानेंही केलेला नाहीं. सायलेशियांत आणि तिच्या शेजारच्या लाउझित्स प्रांतांत मात्र 'उ' चा 'ओ' झाला, आणि शोल्ट्स हें रूप रूढ झालें. विद्वान मंडळींना अर्थात् कोणतेंच देशी रूप पुरेसें भारदस्त वाटेना. त्यांनीं लॅटिनचा आश्रय केला. संगीतकार मिखाएल प्रेटोरियस हा घरचा शुल्टहाइस. आणि ग्योर्लिट्सचाच नगराध्यक्ष व ज्योतिषी बार्थोलोमेउस स्कुल्टेटुस (१५४० ते १६१४), ज्यानें १५९३ सालीं त्या प्रांताचा नकाशा केला, तोही मूळचा याच कुळींतला.

शुल्ट्स मंडळी इतकी बोकाळली कीं, एकमेकांपासून निराळें ओळखूं येण्यासाठीं त्यांस युक्त्या कराव्या लागल्या. १८४८ सालीं प्रशियाच्या राष्ट्रसभेंत अनेक शुल्ट्से निवडून आले. त्यांतील डेलिट्श गांवच्या हेरमान शुल्ट्से या न्यायाधिशानें आपल्या नांवाला गांवाचें नांव जोडून घेतलें, आणि तो शुल्ट्से-डेलिट्श झाला. आपल्याकडे कुलकर्णी गांवाचें नांव लावून निराळे होतात तसेंच हें. यानेंच १८५० सालीं कारागीर व लहान दुकानदार यांच्यासाठीं परस्परांच्या जामिनकीवर चालणारी पतपेढी काढली. हिंदुस्थानांत १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला त्या वेळीं जे नमुने पुढें होते, त्यांत खेड्यांसाठीं राइफआयझेन याचा होता आणि शहरांसाठीं या शुल्ट्से-डेलिट्शचा. माझ्या ठेवीची पावती ज्या अर्बन बँकेची आहे तिच्या वंशवृक्षाच्या मुळाशीं अशा रीतीनें एक जर्मन पाटील बसला आहे, हें मला सत्तरी उलटल्यावर समजलें.

येथपर्यंत सर्व मनोरंजक होतें. पण मुलानें आणलेल्या एका पुस्तकांत आडनांवांचे नकाशे होते. फ्रायबुर्ग व माइन्झ येथील विद्वानांनीं २००५ सालच्या दूरध्वनीच्या नोंदींवरून जर्मनींतील कोणतें आडनांव कोठें किती आहे याचा मोठा संग्रह सिद्ध केला आहे; २००९ पासून २०१८ पर्यंत त्याचे सात खंड निघाले. कुंट्से व न्युब्लिंग हे त्याचे संपादक. अशा नकाशांत बहुतेक नांवांचें एक मूळस्थान दिसतें. एके ठिकाणीं दाट वस्ती, आणि तेथून जसजसें दूर जावें तसतशी ती विरळ. शुल्ट्सचें तसें आहे, शुल्टेचें तर फारच ठळक. शोल्ट्सचें मात्र नाहीं. ग्योर्लिट्सच्या आसपास, देशाच्या अगदीं कांठावर, थोडी दाटी. आणि बाकीचें नांव उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत मूठभर तांदूळ उधळावे तसें विखुरलेलें. मूळस्थान कोठेंच नाहीं. मी मुलास म्हणालों, हा नकाशा चुकलेला दिसतो. तो म्हणाला, "नकाशा बरोबर आहे. तें मूळस्थान नकाशाच्या बाहेर गेलें आहे." आणि त्यानें खिडकींतून दिसणाऱ्या नदीकडे बोट केलें.

ग्योर्लिट्सच्या मधून नाइसे नदी वाहते. १९४५ पर्यंत दोन्ही तीरांवर एकच शहर होतें. आतां पूर्व तीर पोलंडांत आहे आणि तेथील गांवाचें नांव झ्गोझेलेत्स. त्या वर्षींच्या पॉट्सडाम परिषदेंत ओडर आणि नाइसे या नद्यांच्या पूर्वेकडील मुलूख पोलंडच्या हवालीं झाला. सायलेशिया जवळजवळ सगळा गेला. ब्रेसलाउचें व्रोत्सवाफ झालें. तेथले बहुतेक जर्मन कांहीं आधींच पळाले होते, राहिलेले पुढच्या दोन वर्षांत घालविले गेले. पूर्व युरोपांतून अशा रीतीनें उठलेल्या जर्मनांची एकंदर संख्या सुमारें १ कोटी २० लाख होती. कोणी वेस्टफालियांत गेले, कोणी बव्हेरियांत, कोणी याच नदीच्या अलीकडे थांबले. ज्या मुलखांत गांवोगांव शोल्ट्स होते तेथें आतां तें नांव शोधावें लागतें. जे थोडे मागें राहिले, त्यांतील कित्येकांचीं जर्मन नांवें नव्या सरकारनें पोलिश करविलीं. आणि त्याच मुलखांत दहाच वर्षांपूर्वीं नाझी अंमलाखालीं पोलिश नांवें जर्मन करविलीं जात होतीं. आडनांवासारख्या निरुपद्रवी वस्तूचा राजांना एवढा राग कां यावा हें मला कधींच उमगलेलें नाहीं.

शोल्ट्सबाई त्या उठलेल्या लोकांपैकीं. त्यांचें माहेर नदीपलीकडे, बुन्त्स्लाउ या कुंभारकामासाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवाजवळच्या एका खेड्यांत. माहेरचें आडनांव शोल्ट्स, आणि पुढें लग्न झालें तेंही अलीकडे आलेल्या एका शोल्ट्सशींच, नातें मात्र कांहीं नाहीं. हें ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "माझ्यासारखेंच!" कारण त्याही माहेरच्या कुलकर्णीच, फक्त गोत्र निराळें. १९४५ च्या जूनमध्यें बाई नऊ वर्षांच्या होत्या. सकाळीं शिपाई आले, अर्ध्या तासांत निघा म्हणाले. आईनें एक गांठोडें, धाकटा भाऊ, आणि कां कोणास ठाऊक, स्वयंपाकघरांतली एक तपकिरी मातीची झारी घेतली. दोन दिवस चालून ते नदी उतरले. त्या उन्हाळ्यांत ग्योर्लिट्समध्यें खायला कांहीं नव्हतें, तरी आई पुढें जाईना. ती म्हणे, येथून घर जवळ आहे; फिरून जावयाचें झालें तर सोपें पडेल. आई १९७१ सालीं त्याच घरांत वारली. झारी अजून आहे. बाई तींत लांकडी चमचे ठेवतात.

"त्यांना काय म्हणतात माहीत आहे?" नात म्हणाली. "म्हणजे तेव्हां काय म्हणायचे? 'जागा बदललेले लोक'." पूर्व जर्मनींत 'हांकलून दिलेले' हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. १९५० च्या जुलैंत तेथील सरकारनें झ्गोझेलेत्सच्या करारावर सही करून ती सरहद्द मान्य केली, आणि मैत्रीच्या भाषेंत हांकलणें हें क्रियापद बसेना. बाई चाळीस वर्षें शाळेंत शिक्षिका होत्या. चाळीस वर्षें त्यांनीं वर्गांत तोच दुसरा शब्द वापरला.

सप्टेंबरमध्यें बाईंनीं आम्हांस आपलें खेडें दाखविण्याची इच्छा दर्शविली. मुलानें मोटार काढली. गांव तासाभराच्या आंतच आलें. बुन्त्स्लाउ आतां बोलेस्लावियेत्स आहे; मातीचीं भांडीं मात्र अजून तेथेंच घडतात. खेडें लांबट, रस्त्याच्या दोहों अंगांस घरें, मध्यें चर्च. पूर्वी वसविणारानें दोरी धरून आंखलें असावें तसें. बाईंचें घर पडून गेलेलें. जागेवर कांहीं सफरचंदाचीं झाडें. बाई दोन मिनिटें उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हीं आमचीं झाडें नव्हेत, नंतरचीं आहेत.

मग रस्त्यानें परत येतांना एका घराच्या दारावर तांबडी पाटी दिसली. तीवर एकच शब्द. नातीनें अक्षरें लावून वाचलीं, "सोल्तिस". तेवढ्यांत घरांतून चाळिशीची एक बाई बाहेर आली आणि तिनें उच्चार सुधारला. लिहितांना 'ल' असला तरी पोलिश जिभेवर त्याचा 'व' होतो, 'सॉव्तिस'. ही बाई कांहीं वर्षें नदीपलीकडे नोकरीस होती, तिला जर्मन चांगलें येत होतें. सॉव्तिस म्हणजे काय, असें विचारतां ती म्हणाली, गांवचा मुख्य. लोकांनीं मला निवडून दिलें आहे, पाटी सरकारी आहे.

मी आणि मुलगा एकमेकांकडे पाहूं लागलों. सॉव्तिस म्हणजे तोच शब्द! तेराव्या शतकांत ज्या शुल्टहाइसास ड्यूकनें गांव वसविण्याची सनद दिली, त्याचेंच हें पोलिश तोंडांतील रूप. पोलंडांत हें पद आजही गांवोगांव चालूं आहे. जर्मनींत तें पद मागेंच संपलें. १९३५ च्या कायद्यानें सगळीकडे एकच बुर्गरमाइस्टर झाला. म्हणजे नदीच्या अलीकडे आडनांव राहिलें, पद गेलें. पलीकडे पद राहिलें, आडनांव गेलें. हा विचार मीं नातीकरवीं बाईंना सांगितला. बाई हंसल्या नाहींत. त्या त्या पाटीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग पाटील ही आहे. मी नव्हे."

त्या सॉव्तिसबाईनें आम्हांस घरांत बोलावून चहा दिला, निळ्या ठिपक्यांच्या तेथल्याच पेल्यांतून. तिनें आपली हकीगत सांगितली. तिची आजी बोस्नियांतली. ऑस्ट्रियाच्या बादशाहीच्या काळांत कांहीं पोलिश शेतकरी तिकडे जाऊन वसले होते. १९४६ सालीं त्यांस आगगाडीनें आणून या बुन्त्स्लाउच्या खेड्यांत उतरविलें. तिकडेही घरें टाकूनच आले. शेजारचीं कुटुंबें बुग नदीच्या पलीकडून आलेलीं. त्यांचा मुलूख रशियानें घेतला. आजी मरेपर्यंत कपाटाला नवीन रंग देऊं देईना. म्हणे, ज्यांचें आहे ते आले तर ओळखूं आलें पाहिजे.

येथें मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर वाचकांचा गैरसमज व्हावयाचा. १ सप्टेंबर १९३९ रोजीं पोलंडावर चाल करून गेला तो जर्मनी. पुढील सहा वर्षांत त्यानें पोलंडांत जें केलें, लाखों पोलिश कुटुंबांस घरांतून कसें काढलें, आणि ज्यूंचें काय केलें, तें जगानें पाहिलें आहे. बाईंना हें माझ्याहून अधिक ठाऊक आहे. घरीं परततांना त्याच म्हणाल्या, आधीं आम्हीं काढलें, मग आम्हांला काढलें. पण मी नऊ वर्षांची होतें.

निघण्यापूर्वीं सॉव्तिसबाईनें एक नकाशा पसरला आणि विचारलें, शेतांचीं जुनीं नांवें आठवतात का? आम्हीं सगळ्यांना नंबरच देऊन ठेविले आहेत. बाईंनीं चष्मा चढविला. एक एक करून चौदा नांवें त्यांनीं सांगितलीं. कोल्ह्याचा उतार, पाद्र्याचें कुरण, ओढ्याकडची पट्टी असलीं. सॉव्तिसबाई पेन्सिलीनें लिहून घेत होती. मीं मनांत म्हटलें, हें लिहिण्याचें काम खरें पाहतां माझें.

गाडींत बसल्यावर बाईंनीं मला विचारलें, "तुमचें गांव कोठें आहे? आतां तेथें कुलकर्णी कोण आहे?" नातीनें प्रश्न मराठींत सांगितला, आणि मग उत्तरासाठीं माझ्याकडे पाहत राहिली. तिलाही तें ठाऊक नव्हतें. तिच्या बापालाही नाहीं.

आमचें गांव कृष्णेच्या कांठचें. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला. खून करणारा ब्राह्मण होता. आणि पुढच्या कांहीं दिवसांत दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें गांवोगांव पेटलीं. आमचा वाडा त्यांत गेला, आणि वाड्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचीं दप्तरेंही गेलीं. मी चार महिन्यांचा होतों. आम्हांस रात्रीं एका मराठा घरानें धान्याच्या कोठारांत ठेवून घेतलें, आणि पहांटे बैलगाडींतून स्टेशनावर पोंचविलें, एवढें मला आईकडून कळलेलें आहे. वडिलांनीं पुण्यास येऊन कारकुनी धरली आणि पुढें त्या गांवचें नांव क्वचितच काढलें. काढलें तर ते म्हणत, "वाडा जळाला." 'जाळला' असें मीं त्यांच्या तोंडून एकदांही ऐकलें नाहीं. लहानपणीं मला वाटे, दिवा कलंडून आग लागली असेल. क्रियापद असें फिरवून धरलें म्हणजे कोणाचेंही नांव घ्यावें लागत नाहीं. कोठारांत ठेवून घेणाराचेंही नाहीं. त्या घराचें आडनांव आज मला ठाऊक नाहीं, आणि सांगणारें कोणी उरलेलें नाहीं.

हें सर्व मीं गाडींत सांगितलें नाहीं. एवढेंच म्हणालों, "आतां तेथें कुलकर्णी कोणी नाहीं. तलाठी असतो." नातीनें 'तलाठी' चें जर्मन काय केलें कोण जाणे, बाईंनीं मान डोलावली.

नाताळांत बाईंचें कार्ड आलें. मजकूर त्यांचा, मराठी नातीची, शुद्धलेखन कोणाचेंच नव्हे. सॉव्तिसबाईनें शेतांचीं चौदा नांवें पोलिश भाषांतरासह ग्रामसभेच्या भिंतीवर लावलीं आहेत. त्यांतील दोन चुकलीं आहेत, तीं दुरुस्त करावयास वसंतांत जावयाचें आहे. आणि शेवटीं, तुम्ही तुमच्या गांवीं जाऊन आलांत का?

मीं गांवच्या ग्रामपंचायतीस पत्र लिहिलें. वाड्याचें कांहीं मागावयाचें नाहीं हें पहिल्याच ओळींत लिहिलें, नाहीं तर सत्त्याहत्तर वर्षांनीं कुलकर्णी उगवला म्हणजे लोकांस भलतीच शंका यावयाची. स्टेशनाच्या वाटेवर कोठार असलेलें मोठें शेतकरी घर १९४८ सालीं कोणाचें होतें, एवढीच चौकशी केली. दीड महिन्यानें तलाठ्यांचा फोन आला. मुलगा तरुण आहे, बोलणें अदबीचें. तशीं घरें दोन होतीं, म्हणाला. एका घरांतील आजी नव्वदीच्या आहेत, त्यांना बैलगाडीचें कांहीं आठवतें. आपण येऊनच विचारा. मुलगा तिकडून म्हणतो, टॅक्सी करून जा. मी मात्र एस्. टी. नेंच जाणार आहें. सौभाग्यवती बरोबर आहेत, आणि त्या घरीं काय घेऊन जावें यावर गेला आठवडाभर आमचा वाद चालूं आहे.